बॉयलरवरची पाटी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात
सगळ्या पाट्या मराठीत करायच्या निघाल्या,
तपासणीला साहेब येणार म्हणून.
मला बोलावलं.
अक्षराला बारा रुपये, काना-मात्रा फुकट.

'धोका' लिहिला. 'वाफ' लिहिली. 'बाहेर' लिहिलं.
मग बॉयलरजवळच्या निळ्या डबीपाशी
ब्रश अडला.
मॅनेजरच्या चिठ्ठीत होतं :
इग्नायटर. याला मराठीत काय ते लिहिणे.

रेवणसिद्ध हत्तुरे, बावीस वर्षं याच बॉयलरवर.
म्हटलं, अण्णा, हे काय करतं?
"पेटवतंय."
काय पेटवतं?
"दुसऱ्याला."
एवढं बोलून तो काट्याकडे बघत बसला.

मग काय वाटलं कुणास ठाऊक, उठला,
झाकण काढून दाखवलं :
दोन सळ्या, टोकाला टोक,
मधे तीन मिलिमीटरची फट.
चिकटवल्या तर ठिणगी नाही.
लांब नेल्या तरी नाही.
"आधी पंखा आतली शिळी हवा हाकलतो.
मग हे चार सेकंद चटचट करतंय.
जाळ धरला की गप.
पुढं दिवसभर जळतंय ते तेल बे,
याचं नाव कोण घेत नाही."

रंगाचा डबा उपडा टाकून बसलो.

प्रज्वलक –
हा तर समारंभाच्या पत्रिकेतून उठून आलेला,
अंगावर शाल, हातात नारळ,
बॉयलरच्या घामात दोन मिनिटं टिकायचा नाही.
पेटवणारा –
याच्या नावावर जेलरोड चौकीत नोंद असणार.
ठिणगी –
ती पडते. पाडणाऱ्याचं काय?
काडीलाव्या –
हा आमच्याच गल्लीत राहतो.
नळाच्या रांगेत एक वाक्य सोडून
घरी जाऊन डाराडूर झोपतो.
चार सेकंदांचंच काम, त्याचंही.

आईला विचारलं असतं तर म्हणाली असती,
अग्गिपुल्ला.
विडी घरकुलात तिने
दिवसाला हजार विड्या वळल्या.
मांडीवर सूप, सुपात पानं, कात्री,
तंबाखूची चिमूट, लाल दोरा.
एकही पेटवली नाही.
कुठल्या गावात, कुणाच्या ओठांत,
कुणाच्या काडीने त्या पेटल्या
तिला कधी कळलं नाही,
तिने कधी विचारलंही नाही.
कारखानदार फक्त मोजून घ्यायचा,
आणि दोन-चार बाजूला काढायचा, तोंड नीट नाही म्हणून.

तिला अग्नी द्यायच्या दिवशी
आमच्या पेटीतल्या काड्या सादळलेल्या निघाल्या.
एक. दोन. तिसरी तर मोडलीच.
पलीकडच्या सरणाजवळून
एक अनोळखी माणूस आला,
खिशातला लायटर माझ्या हातात ठेवून गेला.
परत द्यायला शोधला, तोवर त्यांचं आटपलं होतं.
लायटर अजून घरात आहे.
गॅस केव्हाच संपला.
चाक फिरवलं की ठिणगी पडते, उगाच.

हे मी रेवणअण्णाला सांगितलं की नाही आठवत नाही.
सांगितलं असणार,
कारण तो म्हणाला,
"आमच्यात पुरतात. बसवून.
मला आग नुसती पगारापुरती."

शेवटी 'प्रज्वलक' लिहिलं, मोठ्ठं, लाल.
साहेबाला वाचायला बरं.
खाली जागा उरली होती बोटभर.
तिथे बारीक ब्रशने, बिनपैशाचं,
काडी.

रेवणअण्णाने चष्मा वर केला.
"कड्डी," म्हणाला, "हे आमचंच की रे."
आणि बटण दाबलं.
पंखा घरघरला, बराच वेळ.
मग चट चट चट,
तो बोटं मिटत मोजू लागला :
ओंदु. एरडु. मूरु.

नाल्कुला धरला जाळ.
पत्रा हादरला,
आणि 'डी'च्या वेलांटीतून
लाल रंगाचा एक ओघळ
सावकाश खाली निघाला.